लहान मोटारीची नवी जुळणी

बल्लारपूरच्या लांकूड आगारांत सागाचे ओंडके ओळीनें रचून ठेवलेले असतात. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतल्या, आलापल्लीसारख्या रानांतला हा साग. २०२३ सालीं याच आगारांतून अयोध्येच्या मंदिराकरितां लांकूड गेलें, आणि त्याची कीर्ति पुन्हां एकदां घरोघर पोंचली. मंदिराचीं दारें, वाड्याचे खांब, जहाजाच्या फळ्या, इतकी सागाची कामगिरी सर्वांस ठाऊक असते. परंतु जिचा लांकडाशीं संबंध सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं, त्या मोटारगाडीच्या पोटांतहि एके काळीं लांकूडच होतें.

१९२० च्या सुमाराच्या मोटारीचा पत्रा बाहेरून चकचकीत दिसे. पण आंत सुतारानें सांधे जुळवून उभारलेली चौकट असे, आणि पत्रा त्या चौकटीवर खिळ्यांनीं ठोकलेला असे. इंग्लंडांत या कामाला ॲश नांवाच्या झाडाचें लांकूड वापरीत. तें लवचिक असतें, हिसका सोसतें, वाफेवर वांकवितां येतें. पण ओल लागली कीं कुजतें. म्हणून शंभर वर्षांची एखादी मोटार आज सांपडली, तर पत्रा कसाबसा उभा असतो आणि आंतल्या लांकडाचा भुगा झालेला असतो. अशी चौकट आपल्या हवेंत नव्यानें करावयाची तर सागासारखें लांकूड नाहीं. नीट वाळला म्हणजे तो फारसा फुगत वा आक्रसत नाहीं, त्याच्या अंगच्या तेलामुळें वाळवी दूर राहते, आणि त्यांत ठोकलेल्या खिळ्यालाहि गंज लवकर चढत नाहीं.

आतां अशी कल्पना करावी कीं एखाद्या जुन्या लहानशा मोटारीचें केवळ वरचें कवच कोणा हौशी कारागिराच्या हातीं आलें आहे. एंजिन गेलेलें, चाकें गेलेलीं, चौकट कुजलेली. त्या कवचापासून चालती गाडी करतां येईल काय? करतां आली तर ती रस्त्यावर आणतां येईल काय? पहिला प्रश्न कारागिरीचा आहे, दुसरा कायद्याचा. आणि या दोहोंच्या मधोमध महाराष्ट्रांतल्या अनेक बुद्धिमान माणसांचे श्रम अडून राहिलेले आहेत.

लहान मोटारीची गोष्ट निघाली कीं १९२२ सालीं इंग्लंडांत निघालेल्या ऑस्टिन सेव्हनचें नांव प्रथम घ्यावें लागतें. हर्बर्ट ऑस्टिन यांचा कारखाना त्या सुमारास डबघाईस आला होता. मोठ्या मोटारी खपेनात, आणि लहान मोटार काढावी ही त्यांची कल्पना त्यांच्या संचालकांस पटेना. तेव्हां त्यांनीं स्टॅन्ले एज नांवाच्या एका अठरा वर्षांच्या नकाशानविसास आपल्या घरीं बोलाविलें, आणि घरांतल्या बिलियर्ड खेळण्याच्या खोलींत बसून दोघांनीं गाडीचे आराखडे काढले. पुढच्या व मागच्या धुऱ्यांमधील अंतर सहा फूट तीन इंच. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर तीन फूट चार इंच. वजन सुमारें ३६० किलो. एंजिन चार नळकांड्यांचें, ७४७ घन सेंटिमीटरचें, आणि त्याचें बळ अवघ्या दहा-साडेदहा घोड्यांचें. २००९ सालीं बाजारांत आलेली टाटांची नॅनो लोकांनीं लहान म्हणून कौतुकानें पाहिली. तिच्या धुऱ्यांमधील अंतरहि सात फूट चार इंचांच्या आसपास होतें. यावरून ऑस्टिनचें मूल किती चिमुकलें होतें हें ध्यानांत यावें. तरीहि त्या गाडीला चारहि चाकांचे ब्रेक होते, आणि त्या काळीं ही गोष्ट मोठ्या गाड्यांतहि सर्रास आढळत नसे.

या गाडीचा खालचा सांगाडा इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा, दोन लोखंडी पट्ट्यांचा, अत्यंत साधा होता. वरचें कवच उतरविलें कीं कोणाहि होतकरू मुलास तो समजे. १९३९ पर्यंत तीन लाखांच्या जवळपास गाड्या निघाल्या. पुढें त्या जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या, आणि तरुणांच्या हातीं पडल्या. जुन्या ऑस्टिनवर स्वतःच्या हातानें नवें कवच चढवावयाचें, किंवा जुन्या कवचाखालीं नवें बळ घालावयाचें, हा इंग्रजी मुलुखांत एक छंदच होऊन बसला. कॉलिन चॅपमन या तरुणानें १९४८ सालीं एका लहानशा गॅरेजांत जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी उभी केली. लोटस या प्रसिद्ध मोटारींची परंपरा तेथून सुरू झाली. न्यूझीलंडचा ब्रूस मॅक्लॅरन वयाच्या पंधराव्या वर्षीं आपली पहिली शर्यत धांवला तोहि ऑस्टिन सेव्हनमध्येंच. मोटार उघडून, बिघडवून व पुन्हां जुळवून या मुलांनीं जी विद्या मिळविली, ती त्यांस कोणत्याहि पुस्तकांत सांपडली नसती.

ही विद्या कशाची, हें पाहावयाचें तर प्रत्यक्ष कामाकडे वळलें पाहिजे.

जुनें कवच हातीं आलें म्हणजे नवशिका मनुष्य प्रथम कापावयास धांवतो. जाणता कारागीर प्रथम मापें घेतो. कवच घोडीवर ठेवून, पाणसळीनें समपातळींत आणून, तो एका कोंपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोंपऱ्यापर्यंत दोरी धरतो. मग दुसऱ्या दोन कोंपऱ्यांमधून. दोन्ही अंतरें सारखीं भरलीं तर कवच काटकोनांत आहे. नाहीं तर शंभर वर्षांत तें कोठें तरी पिरगळलेलें आहे. त्यानंतर दारांच्या चौकटींना आंतून लोखंडी पट्ट्यांचे तात्पुरते टेकू द्यावे लागतात. ते न देतां कुजकी चौकट काढली, तर कवच आपल्याच भारानें अर्धा इंच बसतें. आणि पुढें सारी गाडी तयार झाल्यावर दार लागत नाहीं. त्या अर्ध्या इंचाचा दोष मग कोणत्याहि रंगानें झांकत नाहीं.

दुसरा विचार माणसाचा. जुन्या लहान गाड्यांत दोन माणसें खांद्याला खांदा घासून बसत. गाडीचें रूप राखावयाचें आणि आजचा पावणेसहा फुटी मनुष्यहि आंत बसवावयाचा, तर बैठक खालीं न्यावी लागते. बैठक खालीं नेली कीं सांगाड्याचा पट्टा मध्यें येतो. पट्टा बाजूला सरकविला कीं स्टिअरिंगचा दांडा हलवावा लागतो. आणि दांडा हलविला कीं चाकें वळण्याची रीतच बदलते. एका ठिकाणीं बोट लावलें कीं दहा ठिकाणीं हिशेब चुकतो. या उद्योगाचें सारें मर्म येथेंच आहे. गाडी म्हणजे सुट्या भागांची बेरीज नव्हे. प्रत्येक भागाचें दुसऱ्याशीं प्रमाण ठरलेलें असतें, आणि एक भाग बदलणारानें सारीं प्रमाणें नव्यानें मांडावयाचीं असतात.

एंजिनाची निवड करतांना हीच कसोटी लागते. कित्येक कारागीर मोटारसायकलचें एंजिन घालतात. तें हलकें असतें, स्वस्त मिळतें, आणि बहुधा सांखळीनें चाक फिरवितें. परंतु मोटारसायकलला मागें जाण्याचा गिअर नसतो. तो निराळा करावा लागतो. दुचाकीला मागचें चाक एकच असल्यामुळें वळणावर आंतल्या व बाहेरच्या चाकाची गति वेगळी ठेवण्याची सोयहि त्यांत नसते. शिवाय तें एंजिन धांवत्या वाऱ्यानें थंड होणारें. तें पत्र्याखालीं कोंडलें कीं पंखा बसविल्यावांचून तापून अडकतें. दुसरा मार्ग मारुति ८०० सारख्या गाडीचें एंजिन घेण्याचा. तें तीन नळकांड्यांचें, ७९६ घन सेंटिमीटरचें, म्हणजे आकारानें ऑस्टिनच्या एंजिनाहून फार मोठें नव्हे. पण त्याचें बळ सदतीस घोड्यांच्या आसपास, म्हणजे सुमारें साडेतीनपट. तें पाहून हौशी मनुष्य हर्षभरित होतो, आणि नेमकी येथेंच सावधगिरी हवी.

गाडीचा वेग दुप्पट झाला म्हणजे तिला थांबविण्याचें काम दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. तासाला तीस किलोमीटर वेगानें जाणारी गाडी ज्या ब्रेकनें सुखानें थांबते, तोच ब्रेक साठ किलोमीटरच्या वेगाला चौपट उष्णता गिळूं शकेलच असें नाहीं. जुन्या ऑस्टिनचे ब्रेक तारा व दांड्या ओढून लागत. एक तार सैल पडली कीं गाडी एका अंगास ओढली जाई. नवें एंजिन घालणारानें त्याबरोबर तेलाच्या दाबाचे ब्रेकहि घातले पाहिजेत. शिवाय तीन फूट चार इंच रुंदीची उभट गाडी वेगानें वळविली तर ती कलंडण्याचें भय असतेंच. पेट्रोलची टांकी कोठें ठेवावयाची, बसणाराचा पट्टा कशाला बांधावयाचा, हे प्रश्नहि लहान नव्हेत. साग कितीहि उत्तम असला तरी पट्ट्याचें टोंक लांकडाला बांधून भागत नाहीं. तें खालच्या लोखंडी सांगाड्यालाच अडकविलें पाहिजे. गाडी पळविण्याचें कौशल्य पुष्कळांजवळ असतें; ती थांबविण्याचा विचार जो आधीं करतो तोच खरा यंत्रज्ञ.

असे यंत्रज्ञ महाराष्ट्रांत झाले नाहींत असें मुळींच नाहीं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचें शालेय शिक्षण सातवीच्या पुढें गेलेलें नव्हतें. त्यांनीं सामान्य कुटुंबास परवडेल अशी लहान मोटार करण्याचा ध्यास घेतला, आणि १९४९ सालीं पहिला दोन माणसांचा नमुना उभा केला. त्या गाडीला ‘मीरा’ हें नांव मिळालें. पुढें सुमारें दोन तपें ते एकामागून एक नमुने करीत राहिले. प्रत्येक नमुन्यांत आधींच्या गाडीचे दोष काढून टाकीत राहिले. १९७० च्या सुमाराच्या शेवटच्या मीरेची किंमत सुमारें बारा हजार रुपये पडेल असा त्यांचा हिशेब होता. गाडी चालली, लोकांनीं पाहिली, वाखाणली. परंतु जागा, भांडवल व परवाने यांची जुळणी कधींच झाली नाहीं, आणि मीरा कारखान्यांतून बाहेर पडली नाहीं. एंजिनापासून दारापर्यंत ज्यानें सारें जुळविलें, त्याला हीं तीन बाहेरचीं अंगें मात्र जुळवितां आलीं नाहींत.

त्यानंतर अर्धें शतक लोटलें. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाण यांचें जन्मगांव. त्या गांवचे लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतले भाग जमवून, सुमारें साठ हजार रुपये खर्चून, आपल्या मुलाच्या हौशीखातर एक लहानशी चारचाकी केली. ती दुचाकीप्रमाणें लाथ मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्यें तिचें चित्र देशभर पाहिलें गेलें. उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं त्या कल्पकतेची स्तुति केली. पण त्याच वेळीं हेंहि सांगितलें कीं ही गाडी नियमांत बसणारी नाहीं, आणि आज ना उद्यां अधिकारी ती रस्त्यावर येऊं देणार नाहींत. तिच्या बदल्यांत त्यांनीं लोहार यांस एक बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती त्यांस मिळाली, आणि घरची गाडी संग्रहांत ठेवण्यासाठीं गेली. त्याच जिल्ह्यांत दुसऱ्या एका कारागिरानें १९३० सालच्या फोर्डच्या घाटाची चिमुकली गाडी दुचाकीच्या एंजिनावर उभी केली, तिचेंहि असेंच कौतुक झालें.

लोहार कुटुंबास नवी गाडी मिळाली ही आनंदाची गोष्ट होय. तरी पण श्रोत्यांनीं क्षणभर विचार करावा. ज्याच्या हातांनीं गाडी घडविली, त्याला दुसऱ्यानें घडविलेली गाडी बक्षीस मिळाली. त्याच्या गाडीचे ब्रेक कितपत चांगले होते, सांधे कोठें कच्चे होते, काय बदललें असतां ती निर्धोक झाली असती, हें सांगणारी सोपी वाट त्याला कोठेंच उपलब्ध नव्हती.

याचें कारण कायद्याच्या रचनेंत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं निर्मात्यानें नमूद केलेल्या व नोंदणीपुस्तकांत लिहिलेल्या स्वरूपाहून गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकानें करूं नये. इंधन बदलण्यासारखे कांहीं अपवाद त्यांत आहेत. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच बजाविलें. जुन्या गाड्यांसाठीं जुलै २०२१ मध्यें निराळे नियम आले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करतां येते, तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात, आणि प्रथम नोंदणीस वीस हजार रुपये पडतात. परंतु ती गाडी मूळ स्वरूपांतच असली पाहिजे. सांगाडा, कवच वा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती रोजच्या वापरांत आणूं नये. म्हणजे जुन्या कवचाखालीं नवें एंजिन घालणारा मनुष्य दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो. त्याची गाडी जुनी म्हणून मान्य होत नाहीं, कारण ती बदललेली आहे; नवी म्हणूनहि मान्य होत नाहीं, कारण तिच्यामागें कारखाना नाहीं. नव्या नमुन्याची परीक्षा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत होते. पण ती हजारों गाड्या काढणाऱ्या कारखानदारास परवडणारी. एकच गाडी करणाऱ्या लोहार-सुताराच्या आवांक्यांतली ती नव्हे.

कायदा निष्ठुर आहे असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. रस्ता एकट्या कारागिराचा नसतो. शाळेंतून परतणारीं मुलें, सायकलवरचा म्हातारा, धान्याची बैलगाडी हीं सर्व त्याच रस्त्यावर असतात, आणि कोणाच्या कल्पकतेची परीक्षा आपल्या हाडांवर व्हावी असें त्यांपैकीं कोणीहि कबूल केलेलें नसतें. हौशी गाडीचे ब्रेक न लागल्यानें एखाद्याचा जीव गेला, तर कौतुक करणारे सर्वजण दूर राहतात. म्हणून परीक्षा ही हवीच. प्रश्न इतकाच कीं ती परीक्षा देण्याची संधि एकट्या माणसास असावी कीं नसावी.

इंग्लंडनें हा प्रश्न एका रीतीनें सोडविला आहे. तेथें घरीं बांधलेली वा मुळापासून बदललेली एकेक गाडी सरकारी तपासनिसापुढें नेतां येते. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, बैठकीचे पट्टे, बाहेर आलेल्या तीक्ष्ण कडा, धूर, आवाज हें सारें तो पाहतो. उणें असेल तें लेखी सांगतो. दुरुस्त करून गाडी पुन्हां नेतां येते. आणि उत्तीर्ण झाली कीं तिची नोंदणी होते. नापास झालेल्या गाडीचा मालकहि रिकाम्या हातानें परतत नाहीं; आपलें काय चुकलें हें त्याला कळलेलें असतें. अशी सोय येथें झाली, आणि जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीं तिच्यापूर्वींची तयारी करून देण्याचें मनावर घेतलें, तर पुष्कळ हातांस योग्य वळण लागेल. वेग मर्यादित ठेवावा, लांबचे हमरस्ते वर्ज्य करावे, वाटेल त्या अटी घालाव्या. पण दार एक तरी उघडें असावें.

ज्या चांद्याच्या रानांतून या गोष्टीचा आरंभ झाला, त्या रानांत सागाच्या जोडीला लोखंडहि आहे. १८८२ सालीं जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत एका जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यांतील लोखंडाविषयींचा अहवाल आला. लोहाऱ्याचें लोखंड आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा. पोलादाचा कारखाना येथेंच उभारावा असें त्यांच्या मनानें घेतलें. पण परीक्षेंत वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उतरला नाहीं, आणि खाणींच्या परवान्यांच्या त्या वेळच्या अटीहि फार जाचक होत्या. बेत सोडावा लागला. टाटांची पोलादाची कंपनी स्थापन झाली ती १९०७ मध्यें, आणि कारखाना उभा राहिला तो दूर पूर्वेकडे. त्याच घराण्याच्या नांवानें शंभर वर्षांनीं नॅनो निघाली.

चांद्याच्या त्या बेताला दोन गोष्टी आडव्या आल्या होत्या, एक पदार्थाची व एक परवान्याची. कोळशाचा दोष निसर्गाचा होता. त्याला कोणाचा इलाज नव्हता. परवान्याच्या अटी मात्र माणसांनीं लिहिलेल्या होत्या, आणि पुढें त्या माणसांनींच बदलल्या. एखाद्या गांवच्या गॅरेजांत आज जुन्या चिमुकल्या मोटारीचें कवच घोडीवर चढलेलें असेल, सागाची नवी चौकट तिच्यांत बसत असेल, आणि कारागीर दोरी धरून तिरकीं मापें पुन्हां एकदां पडताळून पाहात असेल. त्याचें लांकूड चांगलें आहे, हात चांगला आहे. त्याच्या ब्रेकची परीक्षा घेणारा कोणी तरी त्याला भेटला पाहिजे.